अंबाडीची वाटी

"रस्सा तं चालते ना, मास्तर? पीस नाई टाकत मी."

डाव हवेत तसाच धरून मावशी विचारत होती. डावातली लाल तर्री थेंबाथेंबानं गंजात परत पडत होती आणि मी ताटावर हात आडवा धरून बसलो होतो. २०२४ च्या राखीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. एसटीची मुक्कामी गाडी घेऊन आम्ही साडेआठला गावात पोचलो होतो. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीडच्या पुढं, जंगलाला लागून असलेलं शेवटचं गाव. पुढं रस्ताच नाही, म्हणून गाडी तिथंच झोपते आणि सकाळी सहाला परत निघते. ग्रामपंचायतीसमोरच्या चिंचेखाली गाडी लावायची, मशीनमधला हिशेब आणि बॅगेतली रोकड जुळवायची, बोअरिंगवर हातपाय धुवायचे आणि मावशीच्या सपरीत जाऊन जेवायला बसायचं, हा शिरस्ता माझ्या आधीच्या कंडक्टरांपासून चालत आलेला. ताटाचे पैसे ठरलेले असतात. त्या दिवशी दुपारच्या फेरीतच ड्रायव्हरभाऊंनी कोंबड्याचे वेगळे पैसे देऊन ठेवले होते. मी श्रावण धरलाय हे त्यांना माहीत होतं, पण मावशीला सांगायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

"नाही मावशी," मी म्हटलं, "श्रावण धरलाय. नुसता भात द्या, मीठ-तिखट असलं तरी चालते." तिनं एकदा माझ्याकडं, एकदा ड्रायव्हरभाऊंकडं पाहिलं. "बाप्पा! सांगाचं नाई का मंग?" एवढंच म्हणाली, डाव गंजात ठेवला आणि आत गेली. बाहेर पाऊस लागून होता. कवेलूवरून पाण्याच्या धारा सपरीच्या कडेला पडत होत्या आणि बांधीतल्या बेडकांनी एकच गिल्ला केला होता. गावरान कोंबड्याचा वास, भाजलेला कांदा, खोबरं, खसखस आणि वरून चुलीचा धूर, ओल्या हवेत जागचा हलत नव्हता. सकाळपासून पोटात दोन चहा आणि एक आलुबोंडा. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी तिनं पुन्हा एकदा विचारलं असतं तर मी ताटावरचा हात काढला असता. थोड्या वेळानं ती स्टीलची एक वाटी घेऊन आली. अंबाडीची भाजी. तांदळाच्या कण्या घालून घोटलेली, वर लसणाची फोडणी, लसूण कडेनं तांबूस झालेला. आंबट, गरम, कान तापतील इतकी तिखट. ऊन भातावर ती अशी पसरली की मी कोंबडा विसरलो. वाटी बोटानं पुसून खाल्ली आणि सवयीनं म्हटलं, "मावशी, आणखी जराशी वाढा." ती दारातच उभी होती. म्हणाली, "तेवढीच होती, मास्तर."

तिच्याकडं हात धुवायला मागच्या दारी जावं लागतं आणि वाट चुलीच्या खोलीतून आहे. चुलीपाशी पाटावर एक ताट वाढून ठेवलेलं होतं, वरचं झाकण अर्धं सरकलेलं. ताटात भाताचा ढीग, आणि ढिगाच्या मधोमध एक गोल खळगा. वाटीच्या बुडाएवढा. खळग्याच्या काठाला हिरवा डाग.

मी हात धुतले, ड्रायव्हरभाऊंच्या मागोमाग गाडीत येऊन लांब सीटवर आडवा झालो. काचेवर पाऊस वाजत राहिला.

ती काय जेवली असेल?

माझ्या श्रावणाला कारण देवधर्माचं नव्हतं. जुलैमध्ये आई मोरीतल्या शेवाळावरून घसरली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. सहा आठवड्यांचं प्लास्टर. आई उपदेशी आहे. बावीस वर्षांपूर्वी, बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी, ती मावसबहिणीसोबत रिद्धपूरला गेली आणि महानुभाव पंथाचा उपदेश घेऊन परत आली. तेव्हापासून मांस-मासे बंद. उपदेश घेतलेल्या माणसाला श्रावण काय आणि कार्तिक काय, बारा महिने सारखेच. आमच्या घरात मात्र आम्ही सगळे खाणारे, म्हणून तिनं सपरीच्या कोपऱ्यात मातीची लहान चूल घातली. एक तवा, दोन गंज, एक डाव, तिची पितळी थाळी. त्या भांड्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. ती माझ्या पोट्ट्यांना सशाची गोष्ट सांगते. कुत्र्यांच्या भीतीनं पळत आलेला ससा चक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली येऊन लपतो, मागोमाग पारधी येतात, आमचा ससा द्या म्हणतात, स्वामी देत नाहीत. पारधी निघून गेल्यावर स्वामी गुडघा उचलतात आणि सशाला म्हणतात, जा आता. आठ शतकांपूर्वीची गोष्ट, पण आई सांगते तेव्हा ती मागच्या वाडीत कालच घडल्यासारखी वाटते. लहाना दर वेळी विचारतो, मग ससा कुठं गेला? आणि आई दर वेळी सांगते, "आपल्या घरी गेला, आणखी कुठं जाईन?"

हात मोडल्यावर तिची चूल कोण पेटवणार? बायको अंगणवाडीत जाते, सकाळी दोन चुली सांभाळणं तिला शक्य नव्हतं. तेव्हा मीच म्हटलं की श्रावणभर घरात मांस-मासे शिजणार नाही. आई खाईल तेच सगळे खातील. बायकोनं सगळी भांडी राखेनं घासली, कुकरची रिंग बदलली, बाजारातून नवा गंज आणला. जिवतीची अमावस्या रविवारी आली होती, त्या दिवशी मोठ्या भावाच्या घरी जाऊन सगळ्यांनी पोटभर खाऊन घेतलं. दुसऱ्या दिवशी, ५ ऑगस्टला, श्रावण सोमवारीच लागला. त्या वर्षी तो सोमवारी लागून सोमवारीच संपणार होता, पाच सोमवार. मला वाटलं होतं, महिना म्हणजे काय, चुटकीसरशी निघून जाईल.

पण आमच्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्यात, भाजी एकीकडं आणि मांस एकीकडं अशी सरळ रेघ नाही. वांग्यात झिंगे, कोहळ्यात झिंगे, अंबाडीत झिंगे. सुके झिंगे, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, हे आमच्याकडं जवळजवळ मिठासारखे आहेत, मूठभर टाकले की पातळ पाण्यासारख्या भाजीलाही अंग येतं. पहिल्या आठवड्यात मी डेपोच्या गावात तीन ठिकाणी भाजी तोंडापर्यंत नेऊन खाली ठेवली, कारण घासात ती बारीक खारी चव लागली. एका खानावळीवाल्यानं वाटीतून चमच्यानं झिंगे वेचून काढून दिले आणि "आता झाली तुमची शुद्ध" म्हणाला. भला माणूस होता. मी ती भाजी खाल्ली नाही, पण त्यानं घेतलेली तसदी माझ्या मनात राहिली. सकाळच्या फेरीनंतर ड्रायव्हर-कंडक्टर एकत्र डबे सोडतात, एकमेकांच्या डब्यात हात घालतात. त्या महिन्यात ड्रायव्हरभाऊ आपला डबा आपणहून जरा लांब सरकवून बसायचे. मी नको म्हटलं तरी सरकवायचेच. आमच्यात वीतभर जागा पडली होती आणि ती मला बोचत होती.

रविवार सगळ्यात जड गेले. ते जड जाणं जिभेपेक्षा दिवसाचंच जास्त होतं. रविवारी सुटी असली की सकाळी पिशवी घेऊन बाजारात जायचं, ओळखीच्या दुकानावर उभं राहून "सीना नको, मांडी दे" म्हणायचं, येताना सांभार म्हणजे कोथिंबीर आणि लिंबू घ्यायचं, आणि घरी आल्यावर पोट्ट्यांनी पिशवीत डोकावायचं. दुपारी कुकरच्या शिट्ट्या मोजत पडून राहायचं. हे सगळं एकदम गेलं आणि रविवार मोकळा, पोकळ झाला. दुसऱ्या रविवारी ड्यूटी होती तेव्हा मी एका सावजी भोजनालयात पाटवडी-रस्सा मागवला. बेसनाच्या वड्या, पण रस्सा तोच, काळा-लाल, तेलाचा तवंग आलेला, खसखशीचा दाट. पहिल्या घासाला घाम फुटला आणि नाक वाहायला लागलं, आणि माझ्या लक्षात आलं की मला जे हवं होतं त्यातलं निम्मं मला मिळालंय. राहिलेलं निम्मं त्या ताटात नव्हतंच. ते घरी होतं, शिट्ट्यांमध्ये आणि पिशवीत डोकावणाऱ्या पोट्ट्यांमध्ये.

याच महिन्यात मी गाडीत चढणाऱ्या टोपल्यांकडं बघायला शिकलो. पूर्वी टोपली म्हणजे लगेज, वाटेत ठेवू नका, एवढंच माझं नातं. २०२३ च्या मार्चपासून बायांना अर्धं तिकीट झालं आणि बाजारच्या दिवशी गाडीत भाजीवाल्या बाया पूर्वीपेक्षा पुष्कळ दिसायला लागल्या. आता मी तिकीट फाडता फाडता टोपलीत काय आहे ते बघायचो. तरोटा, पातूर, धोप्याची म्हणजे अळूची पानं, काटवलं म्हणजे करटोली, पाण्यात भिजवून कडूपणा काढलेले वास्ते म्हणजे बांबूचे कोंब. यातलं बहुतेक लहानपणी घरी शिजायचं, मग कधी बंद झालं ते कळलंही नाही. गोबी, आलू आणि रविवारचं मटण यांनी ती जागा घेतली असावी. मी घेत गेलो आणि घरी नेत गेलो. धोप्याच्या वड्यांना आई खाटेवर बसूनच सूचना द्यायची: चिंच जास्त घाल नाही तर गळा खाजते, पान उलटं ठेव, शिरा ठेच. बायको करायची, डाव्या हातानं आई पानावर बेसन पसरायची. काटवल मात्र ती दुसऱ्याला चिरू द्यायला तयार नसायची. गोल चकत्या हव्यात, म्हणायची, उभे काप केले की बिया निघून जातात आणि मजाच जाते. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या चार बोटांनी काटवल धरून, डाव्या हातात चाकू घेऊन ती एकेक चकती पाडत बसायची. एक काटवल चिरायला तिला पाच मिनिटं लागायची. चकत्या नाण्यासारख्या सारख्या.

सिंदेवाहीच्या रस्त्यावर एक दिवस सात्या विकायला बसलेली बाई दिसली. वारुळाशी उगवतात त्या सात्या, रानातल्या अळिंब्या, लांब दांड्यांच्या, पळसाच्या पानावर ढीग करून ठेवलेल्या, मातीचा वास अजून अंगावर. मटणापेक्षा महाग. शाकाहारी माणसाचं मटण म्हणतात त्यांना, आणि शिजल्यावर दाताखाली खरंच तसंच लागतं. मी भाव करायला लागलो तर ती म्हणाली, "भाऊ, वाघाच्या रानातून आणल्या. तुमी जाऊन आणता का?" मी गप्प झालो. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात सात्या वेचायला, तेंदूपानं तोडायला, मोहफुलं वेचायला गेलेलं माणूस परत आलंच असं नाही. माझ्या गाडीत चढलेल्या बायांपैकी एकीचा नवरा असाच गेला. तेव्हा माझ्या ताटातल्या भाजीला कुणाच्या जिवाचं काही लागत नाही असं मला त्या दिवसानंतर म्हणता येईना. सात्या मी ती सांगेल त्या भावात घेतल्या. आईनं त्या खाल्ल्या नाहीत. "वास तसाच येते," म्हणाली. आम्ही खाल्ल्या.

आणि मासळीवाली ढिवरीण. आमच्या रस्त्यावर चार-दोन किलोमीटरला एक मामा तलाव आहे. मालगुजारांच्या काळात बांधलेले हे तलाव आपल्या पूर्व विदर्भात सहा हजारांच्या वर आहेत, आणि त्यांच्यावर धानही जगतो आणि ढिवर समाजही. तिच्या टोपल्यात मरळ, शिंगूर, कधी नुसत्या बारीक मासळ्या, वर ओलं पोतं. ती चढली की लोक नाकाला रुमाल लावतात आणि ती कुणी न सांगता मागच्या दारापाशी खाली बसते. माझ्या श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यात ती संध्याकाळच्या गाडीला परत चढली तेव्हा टोपलं जसंच्या तसं भरलेलं होतं. मी तिकीट देताना सहज म्हटलं, "माल नाही खपला का बाई?" ती म्हणाली, "श्रावण आहे ना मास्तर. तुमचा उपास अन् आमची उपासमार." रागानं नाही म्हणाली. पाऊस आहे म्हणावं तसं म्हणाली. मी पुढं गेलो, पुढच्या माणसाला तिकीट दिलं, आणि त्याला सुटे पैसे परत द्यायचे राहिले म्हणून त्यानंच आवाज दिला.

म्हणून लोक माझी तारीफ करायला लागले की मला अवघड व्हायचं. "वा मास्तर, चांगलं केलं, सोडाच आता कायमचं." रोजच्या गाडीला येणारे एक गुरुजी तर म्हणाले, माणूस खाण्यावरून ओळखू येतो. मी त्यांना उत्तर दिलं नाही, पण रात्रभर देत राहिलो. आमच्या गावांत माणूस खाण्यावरून ओळखला जातो हे खरंच आहे, आणि त्या ओळखण्यानं पिढ्यानपिढ्या काय केलंय तेही आम्हाला माहीत आहे. कुणाच्या घरी पाणी प्यायचं, कुणाला कोणत्या दारातून बोलवायचं, कुणाला खोली भाड्यानं द्यायची. मी एक महिना कोंबडा खाल्ला नाही म्हणून ढिवरणीपेक्षा वरच्या सीटवर बसायला लायक झालो, असं जर कुणी मला सांगत असेल तर ती पायरी मला नको आहे. माझी आई बावीस वर्षांत कुणाला एकदाही म्हणाली नाही की तुम्ही खाता ते वाईट आहे.

घरी मात्र त्या महिन्यात एक सुंदर गोष्ट घडली, किंवा मला ती सुंदर वाटत होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा आई आमच्या पंगतीत बसली. एकाच गंजातलं वरण, एकाच तव्यावरची पोळी, एकाच कढईतली भाजी. डाव्या हातानं खाताना तिचा भात सांडायचा आणि लहानी तो वेचून तिच्या ताटात ठेवायची. मला वाटायचं, चला, मोडलेल्या हातानं का होईना, घर एका चुलीवर आलं. पण आई पंगतीत अवघडून बसायची. घास लवकर आटपायची. एकदा बायकोनं विचारलं, आत्या, भाजी बरी नाही झाली का? तर म्हणाली, "बरी आहे वं. चांगलीच आहे." आणि नजर सपरीतल्या थंड चुलीकडं. तिच्या चुलीत मांजरीनं पिलं घातली होती.

मावशीच्या भाताचा खळगा या सगळ्यात डोळ्यापुढून जात नव्हता. त्याच्यातून मला आईचे जुने रविवार दिसायला लागले. मटण आम्ही खायचो, मसाला वाटून तीच द्यायची, आणि मग ती कुठं असायची? ती काय खायची? बावीस वर्षांचे रविवार, हजाराच्या वर होतात, आणि मला एकाही रविवारचं तिचं ताट आठवेना. आठवलं ते एवढंच की आम्ही जेवून हात धुवायला उठायचो तेव्हा सपरीतून धूर येत असायचा. मी मनाशी ठरवूनच टाकलं की ती शिळी भाकर आणि जवसाची चटणी खात असणार. बायका तेच करतात. मावशीनं तेच केलं.

मुक्कामी गाडीची ड्यूटी पुन्हा माझ्या वाट्याला आली ती पोळ्याच्या तीन दिवस आधी. या वेळी मी दुपारच्या फेरीतच मावशीकडं अर्धा किलो काटवलं पोचती केली आणि सांगितलं, माझ्यासाठी हीच करा, आणि तुमच्यासाठीही करा. रात्री जेवताना मला राहवलं नाही. ड्रायव्हरभाऊ हात धुवायला गेले तेव्हा मी विचारलं, "मावशी, त्या दिवशी तुमची भाजी मला दिली. मग तुम्ही काय जेवल्या?"

तिला आधी कळलंच नाही मी काय विचारतोय. मग ती मोठ्यानं हसली. "काय जेवली म्हंजे? तुमच्या वाट्याचा कोंबडा जेवली! तंगडी होती तुमची. लगन झाल्यापासून मले तंगडी नोती भेटली, मास्तर. आधी सासरा, मंग नवरा, मंग पोट्टे, आता नातू. त्या दिवशी तुमी नाई म्हटलं, अन् भाऊ म्हणे माझं झालं. म्या चुलीपाशी बसून चुपचाप खाल्ली. हाडसुदिक चावून खाल्लं." आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "अंबाडी तं काय, रोजचीच आहे."

बारा-तेरा दिवस मी जिची उपाशी रात्र उरावर घेऊन गाडीत उभा होतो, ती त्या रात्री वर्षानुवर्षांत पहिल्यांदा मनासारखी जेवली होती. मला हलकं वाटलं. आणि लगेच दुसरीकडून काहीतरी आत रुतलं. दर मुक्कामाला मी ती तंगडी खात होतो. चार वर्षं. ती विचारायची, "आणखी देऊ का मास्तर?" आणि मी द्या म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तर आईचं प्लास्टर कापून झालं होतं. हात वाळलेल्या फांदीसारखा बारीक, कातडी पांढरी पडलेली, ती त्याला तेल लावत बसली होती. मी शेजारी बसलो, तेल माझ्या हातात घेतलं आणि तिचं मनगट चोळता चोळता तोच प्रश्न विचारला. आम्ही रविवारी मटण खायचो तेव्हा तू काय खायची?

"काय खाऊ म्हंजे? माह्या चुलीवरचं खाऊ." ती हाताकडं बघत बोलत होती. "काटवलाच्या दिवसांत काटवल. हिवाळ्यात वांगं भाजू. पोपटीच्या दाण्यांची उसळ. तुमचं मटण शिजेपर्यंत माही भाजी होऊन जाये. तुमाले काय दिसन? तुमी सारे कुकरकडं पाहून राहा." मग थोडा वेळ थांबली. "उपदेशाच्या आधी मीबी खात होती ना मटण. तुमचे बाबा, तुमी भाऊ, तुमचे काका, सारे जेवून उठले का गंजात मानेचं हाड अन् रस्सा राहे. तेच माहं. उपदेश घेतला अन् चूल येगळी झाली, तवापासून माह्या गंजात कोणी हात नाई घातला. म्या शिजवलं ते पयले म्याच खाल्लं."

मी तेल चोळत राहिलो. तिनं हात ओढून घेतला, म्हणाली, पुरे आता, दुखते.

मी तिच्यावर उपकार करतो आहे असं समजून महिनाभर तिची चूल बंद ठेवली होती. इलाज नव्हता, हात मोडला होता, हे खरं. पण पंगतीत ती अवघडून का बसायची ते मला त्या दिवशी समजलं. आमच्या एका गंजात ती पुन्हा सुनेच्या, सासरच्या, शेवटी वाढून घेणाऱ्या बाईच्या जागेवर आली होती.

२ सप्टेंबरला पोळा झाला. दारात पळसाच्या फांद्या लागल्या, बैलांना पुरणपोळी गेली. दुसऱ्या दिवशी कर. पहाटे पोट्टे "घेऊन जा गे मारबत" ओरडत गावाबाहेर पळाले आणि आठ वाजता मटणाच्या दुकानापुढं महिनाभर थांबलेलं अख्खं गाव उभं होतं. नेमका त्याच दिवशी एसटीचा संप लागला, गाड्या डेपोतच राहिल्या, आणि मला कितीतरी वर्षांनी करीच्या दिवशी घरी राहायला मिळालं. बायकोनं विचारलं, आणायचं का? मी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "आण ना. पोट्टे आस लावून बसले." मी पिशवी घेतली. रांगेत उभा असताना ढिवरीण आठवली, तर कोपऱ्यावर तीच बसलेली. टोपलं निम्मं रिकामं झालं होतं आणि ती कुणाशी तरी भाव करत जोरजोरात बोलत होती. तिनं मला पाहिलं की नाही माहीत नाही. मी मटण घेतलं, सांभार घेतला, लिंबू घेतलं, आणि तिच्याकडून पाव किलो मरळही घेतली.

घरी आलो तेव्हा सपरीत धूर होता. आईनं मांजरीची पिलं उचलून पोत्यावर ठेवली होती, चूल नव्या मातीनं सारवली होती, आणि उजव्या हातात डाव धरून काटवलाच्या चकत्या परतत होती. हात अजून थरथरत होता, म्हणून डाव गंजाच्या काठाला टकटक वाजत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. वास फार चांगला येत होता. म्हटलं, "मला दे ना वाटीभर."

तिनं गंजात पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "तेवढीच आहे," म्हणाली.

मी हसलो आणि आत आलो. बायको मसाला वाटत होती. नेहमी आई वाटते, त्या दिवशी मी वाटायला बसलो, तिनं कांदा भाजायला घेतला. पोट्टे कुकरभोवती. लहानी तिच्या आजीजवळ जाऊन बसली होती, तिला मात्र तीन चकत्या मिळाल्या, ते तिनं आम्हाला ओरडून सांगितलं. खिडकीतून मला आई दिसत होती. पितळी थाळीत तिनं ऊन ऊन भात घेतला, वर काटवल, कडेला मीठ, आणि मोडलेल्या, नव्यानं जुळलेल्या हातानं पहिला घास उचलला. आमच्या कुकरची एकच शिट्टी झाली होती.

आम्ही जेवायला बसलो तेव्हा ती थाळी धुऊन पालथी घालून, पिलांना कुरवाळत बसली होती.